स्टेशनावरच्या ऐंशी फुटांत बाग करायची आहे, पण पाखरांसाठी

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी.

किर्लोस्करवाडी ते सांगली या पट्ट्यातलं एक छोटं स्टेशन आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही. मास्तर भला माणूस आहे, उगाच वरून विचारणा व्हायला नको. आम्ही दहा-बारा पासवाले रोज सकाळच्या पॅसेंजरने जातो. फलाटाच्या मिरजेकडच्या टोकाला, पिण्याच्या पाण्याच्या नळापलीकडे, साधारण ८० फूट लांब आणि २० फूट रुंद जागा पडून आहे. सध्या तिथे गाजर गवत, गुटख्याच्या पुड्या आणि रुईची दोन झुडपं. मास्तर म्हणाले, "करा काय करायचं ते, फक्त खर्च आम्हाला सांगू नका."

वर्गणी १२ हजार जमली आणि लगेच दोन तट पडले. एक तट म्हणतो लॉन टाकू, मधे कारंजं, कडेने ट्रॅव्हलर्स पाम, एक सेल्फी पॉइंट. आम्ही तिघी-चौघं म्हणतोय की लॉन सगळीकडेच असते, इथे फुलपाखरं आणि शिंजीर, मुनियांसारखे पक्षी येतील असं काही लावू. मी दिवसभर बँकेत आकडे मोडते, झाडांतलं मला तुळस आणि जास्वंद एवढंच कळतं. तर काय लावावं, परवानगी कशी काढावी, आणि एप्रिल-मेमध्ये पाणी कोण घालणार?

(शेवटच्या प्रश्नावर आमचा गट गप्प आहे.)

भडंगवाला

वन्यजीवांसाठी बाग म्हणजे बिबट्या पण धरायचा का? कराडकडच्या उसातून निघाला तर त्याला जनरलचं तिकीट की पास?

खडूस

बिबट्याचं काय घेऊन बसलात राव. स्टेशनात वाघिणी रोज येतात, एकेका मालगाडीला पन्नास-पन्नास.

हळदीचं_पान

खडूस, हसून हसून पुरेवाट.

रूळरक्षक

मी ३४ वर्षं रुळाच्या कामात काढली, म्हणून आधी नकारघंटा वाजवतो. रागावू नका, ताई.

मास्तरांचं तोंडी "करा" ही परवानगी नव्हे. मास्तर बदलून गेले की पुढचे विचारतील, हे कुणी लावलं? इमारत, फलाट, नळ हे सगळं कामं खात्याच्या सेक्शन इंजिनिअरकडे असतं (जुनी माणसं अजून आयओडब्ल्यू म्हणतात), रूळ पी-वेवाल्यांकडे, वरच्या तारा विजेच्या खात्याकडे. अर्ज मास्तरांमार्फत पुण्याला डीआरएम (विभागीय रेल्वे व्यवस्थापक) ऑफिसला करा. नकाशा हाताने काढलेला असला तरी हरकत नाही. त्यात एवढं स्वच्छ लिहा, की बांधकाम करणार नाही, जागेवर कसलाही हक्क सांगणार नाही, रेल्वेला लागेल तेव्हा जागा मोकळी करू. रेल्वे झाडाला घाबरत नाही, अतिक्रमणाला घाबरते.

आता झाडं. आपल्या मार्गावर विजेवरच्या गाड्या धावतात, वर तारेत २५ हजार व्होल्ट असतात. रोप घेताना एकच हिशोब करा. हे झाड पुरतं वाढलं आणि वळवाच्या वाऱ्यात आडवं झालं, तर शेंडा तारेला किंवा रुळाला लागेल का? लागत असेल तर लावू नका. हातभर रोप बघून कुणाला काही वाटत नाही. पंधरा वर्षांनी आमचाच माणूस करवत घेऊन येतो आणि मग तुम्ही पेपरात फोटो छापून आणता. तुमची जागा २० फूट रुंद म्हणजे वड, पिंपळ, बहावा विसरा. झुडपं लावा.

अवांतर: वन्यजीवांचा आम्हाला तिटकारा नाही. पण कावळा खांबावर तारेचे तुकडे आणून घरटं बांधतो आणि लाइन ट्रिप होते, म्हणजे वीज तुटते, तेव्हा रात्री दोनला आमच्या माणसाला उठून जावं लागतं. कावळ्याला कोण सांगणार, बाबा, काड्या वापर!

भडंगवाला

कावळा पण आता आरसीसीवर आला.

पाकोळी

कृष्णाकाठची ताई, पहिली गोष्ट, ती दोन रुईची झुडपं उपटू नका. तुमची निम्मी बाग तयार आहे.

फुलपाखरांचं लोकांना वाटतं की फुलं लावली की झालं. फूल म्हणजे त्यांचं हॉटेल. घर वेगळं असतं. मादी अंडी ठराविक झाडाच्या पानावरच घालते, कारण अळी दुसरं पान तोंडात धरत नाही. रुईवर प्लेन टायगर येतं, केशरी, पंखांना काळी कड. रुईच्या चिकातलं विष अळीच्या अंगात साठतं, पुढे फुलपाखरातही राहतं, म्हणून पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. म्हणजे खडूस यांच्या वाघिणींच्या जोडीला टायगर आधीच हजर आहेत.

कढीपत्ता आणि लिंबू लावा. आपलं राज्य फुलपाखरू, ते मोठं काळं-निळं ब्लू मॉर्मन, लिंबाच्या कुळातल्या झाडांवर वाढतं. ते स्टेशनात येईलच असं वचन देत नाही, त्याला झाडी दाट लागते, पण त्याची भावंडं हमखास येतात. त्यांची लहान अळी हुबेहूब पक्ष्याची शीट दिसते, मोठी झाली की हिरवी होते. कुंडीत पानफुटी असेल तर तिच्यावर रेड पिअरो, खालून पांढरं-लाल-काळं, बोटाच्या नखाएवढं. खुळखुळ्याच्या वाळलेल्या झाडावर पावसाळा संपता संपता टायगरांचे नर जमतात, त्यांना त्यातली रसायनं लागतात. माळावरचा खुळखुळा फुकट मिळतो, बी खिशात घालून आणा.

शिंजिरांसाठी धायटी आणि मुरुडशेंग. दोन्ही आपल्या डोंगरांतली, एकदा रुजली की पाण्याची फार कटकट नाही. कडेला कोरांटी, अडुळसा, निर्गुडी. आणि एक कोपरा नुसता गवताचा ठेवा, कापू नका. मुनिया गवताच्या बियांवरच येतात.

घाणेरी मात्र लावू नका. फुलपाखरं बसतात हे खरं, पण मग ती स्टेशनात राहत नाही, शेजारच्या बांधावर जाते.

नेटका_संसार

मी त्या लॉनवाल्या तटातला समजा. वरचं सगळं वाचलं, छान आहे. पण रुई, निर्गुडी, खुळखुळा आणि न कापलेलं गवत, याला आमच्या गावात बाग म्हणत नाहीत, पडीक म्हणतात. आणि पडीक दिसलं की लोक थुंकतात, बाटल्या टाकतात, आडोसा समजून उभे राहतात. लॉनवर निदान थुंकताना माणूस दोनदा विचार करतो. फुलपाखराच्या अळीसाठी बायाबापड्यांनी उंच गवताशेजारी अंधारात गाडीची वाट बघायची का?

हळदीचं_पान

नेटका_संसार यांच्याशी असहमत, पण आडोशाचा मुद्दा बरोबर आहे. लिहिणाऱ्यांपैकी किती जण रात्री नऊला एकटे छोट्या स्टेशनावर उभे राहिलेत?

शिराळकर

साप येतील हे कुणीच कसं बोललं नाही अजून?

खडूस

नागपंचमीच्या शिराळ्याच्या माणसाने सापाची भीती घालावी म्हणजे कमाल आहे.

शिराळकर

भीती नाही घालत ओ, कौतुकाने विचारतोय. खरं सांगायचं तर साप आजही असतील तिथे. उंदीर आहेत म्हणून साप, आणि वडापावचे कागद आहेत म्हणून उंदीर. बाग केल्याने साप वाढत नाहीत, कचरा उचलला तर कमी होतात. फक्त दगडांचा ढीग फलाटाला चिकटून रचू नका, आणि फलाटाच्या कडेने तीन फूट पट्टा मुरूम टाकून मोकळा ठेवा. जाणारं-येणारं दिसलं पाहिजे, त्याला आपण आणि आपल्याला ते.

माणदेशी

पाण्याचा हिशोब कुणी मांडला नाही, म्हणून दुष्काळी भागातला माणूस मांडतो.

समजा ५० रोपं. पहिल्या उन्हाळ्यात रोपाला १० लिटर, आठवड्यातून दोनदा. म्हणजे आठवड्याला १००० लिटर. मार्च ते जूनचा मध्य धरला तर १५ आठवडे, १५ हजार लिटर. २०१६ साली मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली होती, आठवत असेल. तिच्या एका वाघिणीत ५० हजार लिटर पाणी मावायचं. एक वाघीण तुमच्या स्टेशनात विसरून राहिली तर तीन उन्हाळे निघतील.

ती विसरणार नाही, म्हणून उपाय. नळाखाली जे सांडतं ते आत्ता कुठे जातं? रुळाकडे जात असेल तर रेल्वेलाही नकोच आहे. एक उथळ चर काढून ते बागेत वळवा, चराच्या तोंडाशी अळू आणि कर्दळ. दुसरं, स्टेशनाची जमीन ही जमीन नसते, खडी, मुरूम आणि जुन्या इंजिनांची राख असते. १९७१ पर्यंत तिथून मीटरगेजच्या गाड्या जायच्या, काय काय पुरलं असेल देव जाणे. दोन फुटाचा खड्डा घ्या, खडी काढा, गाळाची माती आणि शेणखत भरा. जवळच्या साखर कारखान्याची कुजलेली मळी मिळाली तर सोनं. वर उसाच्या पाचटाचं आच्छादन. पाचटाखाली बोट घालून बघा, मे महिन्यातही ओल लागते.

रूळरक्षक

माणदेशी, सगळं पटलं, पाचट सोडून. अहो, स्टेशन आहे ते. एक जळती विडी पडली की पाचट भुर्रकन पेटतं, आणि शेजारी सिग्नलची केबल.

माणदेशी

मान्य. डोक्यातच आलं नाही. आमच्याकडे विड्या शेतात ओढतात पण पाचट नसतं. मग पाचट कुजवून घाला, वर दोन बोटं माती.

कंदी_पेढा

मी सातारा जिल्ह्यातला. तीन वर्षांपूर्वी आम्ही हेच केलं होतं, म्हणून नेटका_संसार यांचं म्हणणं मला लॉन न आवडताही पटतं. का ते सांगतो.

एका स्टेशनावर (तेही नाव राहू दे) आम्ही पाच जणांनी चाळीस फुटाचा तुकडा धरला होता. रुई, कढीपत्ता, पानफुटी, रानतुळस. दोन पावसाळे गेले. दुसऱ्या पावसाळ्यात एका रुईवर मी स्वतः मोजून १७ अळ्या पाहिल्या. पांढऱ्या-काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या, पाठीवर काळ्या शिंगांच्या तीन जोड्या. पानाच्या कडेपासून आत अर्धगोल खात जातात. कान जवळ नेला तर ऐकू येईल असं वाटायचं. शाळेची पोरं गाडीला उशीर झाला की तिथे उकिडवी बसलेली असत.

मग एका मोठ्या साहेबांची पाहणी ठरली. आदल्या दिवशी ठेकेदाराची माणसं आली आणि "तण" काढून गेली. दुपारी मी पोचलो तेव्हा रुई मुळापाशी छाटून ढिगात टाकलेली, चीक वाहून वाळलेला, आणि अळ्या त्या सुकणाऱ्या पानांवर अजून खात होत्या. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. नववीतल्या एका मुलीने डब्याचं झाकण उघडलं, पोळी-भाजी भावाच्या हातात दिली आणि अळ्या त्या डब्यात गोळा केल्या. रस्त्यापलीकडे एक रुई होती, तिच्यावर नेऊन सोडल्या. दुसऱ्या दिवशी बागेच्या जागी चुन्याने रंगवलेल्या आठ कुंड्या आल्या, क्रोटनच्या. साहेबांनी खिडकीतून बघितल्या की नाही कुणास ठाऊक. महिन्याभरात क्रोटन पाण्यावाचून वाळले.

मला त्या कामगारांचा राग आला नाही. त्यांना "झाडी साफ करा" एवढंच सांगितलेलं. आम्हीच कुठेही लिहून ठेवलं नव्हतं की ही बाग आहे. बघणाऱ्याला ती रुईची झाडी होती, आणि खरं तर होतीच.

पाकोळी

कंदी_पेढा, डब्याचं वाचून घशात आवंढा आला. त्या मुलीला माझा नमस्कार सांगा.

रूळरक्षक

आता कळलं, मी पण सांगतो. आमच्या वेळी प्रत्येक स्टेशनाला बाग असायची. आत जास्वंद असो, कण्हेर असो नाहीतर नुसती माती, पण कडेने तिरक्या विटांची ओळ हवीच. अर्धी वीट जमिनीत, अर्धी करवतीच्या दातासारखी वर. एक गेरूची, एक चुन्याची. त्या विटांच्या आत कुणी खुरपं घालत नसे. गँगमनला सांगावं लागायचं नाही. विटा म्हणजे कुणीतरी जपलेलं आहे, एवढं त्याला कळायचं.

आत काय रान करायचं ते करा. पण कडेला विटा लावा.

नेटका_संसार

हे मला चालेल. मनापासून. विटा, तीन फुटाचा मोकळा पट्टा, आणि उंच गवत असेल ते फलाटापासून लांब, मागच्या कुंपणाशी. पुढे गुडघ्याएवढीच झुडपं, म्हणजे पलीकडचं माणूस दिसेल. कारंजं मी मागे घेतो. ट्रॅव्हलर्स पामबद्दल विचार करतो.

पाकोळी

ट्रॅव्हलर्स पाम मादागास्करचा. त्याने बराच ट्रॅव्हल करून झालाय, आता नको.

नदीकाठी_घर

कारंजं नको तर एक छोटं तळं करता येईल का? बेडूक, चतुर येतील.

भडंगवाला

भिलवडी जवळ आहे ताई. तळं केलंत तर मगर चौकशीला येईल, जागा कशी आहे म्हणून.

नदीकाठी_घर

हसा. २०१९ च्या पुरानंतर आमच्या परसात काय काय आलं होतं ते विचारू नका. पण प्रश्न खरा आहे, पक्ष्यांना पाणी कसं द्यायचं?

पाकोळी

तळं नको, डासांवरून पहिली तक्रार येईल आणि ती खरी असेल. मातीची पसरट परात घ्या, दोन बोटं पाणी, मधे दोन-तीन दगड म्हणजे मधमाशीला उभं राहता येईल. डासाच्या अंड्याचा डास व्हायला आठवडाभर लागतो, तेव्हा दर दोन-तीन दिवसांनी पाणी ओतून परात घासली की संपलं. चहावाल्याला सांगा, रोज कप धुतोच तो.

मोहोळ

मधमाश्यांचं निघालंच आहे तर एक इशारा. साती-पोळी धरणाऱ्या सातेरीला घाबरू नका, तिचं पोळं झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या पोकळीत असतं. पण पाण्याच्या उंच टाकीखाली आग्या मोहोळ बसलं तर त्याला दगड मारायला एक तरी शहाणा निघतोच. टाकीवर लक्ष ठेवा, दिसलं की मास्तरांना सांगा. स्वतः धूर करायला जाऊ नका.

ऊसदर

अवांतर: सगळे बागेत रमलेत, पण या भागाला हे नवीन नाही. १९१० साली औंधच्या राजेसाहेबांनी कुंडल रोड स्टेशनाजवळचा माळ लक्ष्मणराव किर्लोस्करांना दिला, तेव्हा तिथे निवडुंग आणि साप, बाकी काही नव्हतं. नंतर स्टेशनाचंच नाव किर्लोस्करवाडी झालं. आणि ताकारीजवळचं सागरेश्वर? उघडे डोंगर होते. धों. म. मोहित्यांनी माणसं जमवून झाडं लावली, राखली, आणि १९८५ साली त्याचं अभयारण्य झालं. १०.८७ चौरस किलोमीटर. ताईंचे १६०० चौरस फूट त्यापुढे ओंजळभर.

खडूस

आला, इतिहासाचा तास आला. आता शेणोलीला १९४३ साली प्रतिसरकारच्या क्रांतिकारकांनी पगाराची गाडी लुटली तेही सांगा, म्हणजे वर्गणीचा प्रश्न सुटेल.

ऊसदर

सांगणारच होतो.

हळदीचं_पान

धागा रुळावर आणा कुणीतरी. ताई, झालं का काही?

कृष्णाकाठची

झालं! उशीर झाला, मार्चएंडिंग होतं.

अर्ज दिला. रूळरक्षक काकांनी सांगितलेलं "हक्क सांगणार नाही" हे वाक्य मास्तरांनी वाचलं आणि म्हणाले, हे कुणी शिकवलं? लेखी उत्तर यायला अडीच महिने लागले. अटी दोन: दहा फुटांच्या वर जाणारं झाड नाही, आणि सिग्नल केबलच्या खुणेपासून लांब खोदायचं. त्यामुळे लिंबू रद्द. कढीपत्ता छाटून ठेवू या बोलीवर लावला.

गाजर गवत आम्ही फुलायच्या आत उपटलं, हातमोजे घालून. तरी आमच्यातल्या एकांना अंगावर चट्टे उठलेच. दुसऱ्यांदा पावसात उगवलं तेव्हा त्यावर ते मेक्सिकन भुंगे दिसले, पिवळट, काळ्या नक्षीचे, पानांची चाळण करून टाकली त्यांनी. फुकटचे मजूर. खड्ड्यांतून खडीची तीन घमेली, एक जुनी लोखंडी चावी आणि सव्वा किलो कोळसा निघाला. चावी मास्तरांच्या टेबलावर आहे.

विटा लावल्या. नेटका_संसार खरंच आमच्याच गटातले निघाले, धाग्यावर ओळखलं नव्हतं! गेरू त्यांनी स्वतः लावला. फलक केला आहे, त्यावर एवढंच: "ही बाग आहे. रुई मुद्दाम ठेवली आहे." पावसाळ्याआधी साफसफाईची माणसं आली, विटांपाशी थांबली आणि विचारायला आली. कंदी_पेढा, तुमची फार आठवण झाली.

पाणी: वार वाटून घेतले. माझा मंगळवार आणि शुक्रवार. चहावाल्याने परात घेतली आहे, पण परातीशेजारी त्याने स्वतःची जाहिरातही लावली आहे, चालायचंच. ५० पैकी ३८ रोपं जगली. मुरुडशेंग तिन्ही गेल्या. शिंजीर अजून आला नाही. रुईवर नऊ अळ्या आहेत, आज सकाळी मोजल्या, पॅसेंजर वीस मिनिटं लेट होती.

कंदी_पेढा

नऊ! ती मुलगी आता बारावीला आहे, तिला धागा पाठवतोय.

भडंगवाला

ताई, पुढच्या रविवारी त्याच गाडीने येतोय. बायको विचारतेय, कढीपत्ता फोडणीपुरता तोडला तर चालेल का?

कृष्णाकाठची

चालेल की. कडेच्या फांदीचा घ्या. फक्त पानावर पक्ष्याची शीट दिसली तर ते पान राहू दे म्हणावं, ती शीट नसते.